सरांची लाल सही

नोकरी सोडताना लोक कंपनीचा मग आणि टी-शर्ट घेऊन निघतात. मी निघाले ती दामले सरांचे किस्से घेऊन. ते कधी गोळा झाले, कळलंच नाही!

नव्वदच्या दशकात हडपसरला आमचं छोटं ऑफिस होतं. आम्ही इंटिग्रेशनची गणितं सोडवणारं सॉफ्टवेअर लिहीत होतो. उत्तरं तपासायला दामले सर होते. जन्मभर बारावीला गणित शिकवून रिटायर झालेले. त्यांची सही झाल्याशिवाय काम अमेरिकेला जायचं नाही.

*

पहिल्याच प्रिंटआउटवर सरांनी लाल पेनने अर्धा मार्क कापला. उत्तरापुढे 'अधिक सी', म्हणजे कुठलाही एक स्थिर आकडा, नव्हता!

"सर, मशीन आहे ते," आमचा अमरावतीचा प्रशांत म्हणाला.

"म्हणून अर्धाच. तुमचा एक कापला असता."

*

एकदा सरांचं उत्तर साइनमध्ये आलं, मशीनचं कोसाइनमध्ये. सरांनी फुली मारली. प्रशांतने दोन्हींची वजाबाकी केली, तर उरला नुसता एक आकडा. म्हणजे दोन्ही बरोबर, फरक फक्त त्या सीचा.

सर शांतपणे म्हणाले, "आता कळलं, अर्धा मार्क का कापला?"

*

"या मशीनला पहिली पायरी सुचते कशी?" सरांनी विचारलं.

"सुचत नाही, सर," प्रशांत म्हणाला. "मशीन आधी साधे फॉर्म्युले लावून बघते. नाही जमलं, तर एक लांबलचक रीत आहे. उत्तर असलं तर सापडते, नसलं तर 'नाही' हे सिद्ध होते."

"आमच्या वर्गात 'येत नाही' एवढंच सिद्ध व्हायचं!"

*

मग सरांनी स्वतः एक गणित घातलं. एक्स गुणिले टॅन एक्स. मशीनने प्रश्न जसाच्या तसा परत दिला.

"कामचुकार आहे," म्हणून सरांनी सही नाकारली. तीन दिवसांत काम पाठवायचं होतं. माझा जीव टांगणीला! नेहमीच्या फंक्शन्समध्ये याचं उत्तर असूच शकत नाही, याची सिद्धता प्रशांतने कागदावर लिहून दिली. सर दोन दिवस ती ओळीओळीने तपासत बसले. डबाही उघडला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आले आणि सही केली. मी सुटकेचा निःश्वास टाकला. सर मात्र उठेनात.

"हे गणित मी एकदा परीक्षेत घातलं होतं. एका मुलीने लिहिलं, 'हे सुटणार नाही.' मी तिला शून्य दिलं. वर्गात वाचूनही दाखवलं."

मला फार वाईट वाटलं.

"अहो मॅडम, टेलिफोन डिरेक्टरीत आपण तिचं नाव शोधून द्याल का? मला तिचं माहेरचंच आडनाव ठाऊक आहे."