रामा सुताराची पाचर

मी एका मरणाऱ्या माणसाला सांगितलं होतं, "नियम म्हणजे नियम."

तेव्हा मला माहीत नव्हतं. त्याला माहीत होतं.

आज दिगंबरला जाऊन वर्ष झालं.

ज्यांना तो फक्त ओझरच्या कारखान्यातला फिटर म्हणून माहीत होता, त्यांच्यासाठी थोडं सांगते.

आम्ही चौघं दर रविवारी दुपारी माझ्या सिडकोतल्या घरी टेबलाभोवती बसून रोलप्लेइंग गेम खेळायचो. मी गोष्ट सांगायची, बाकी तिघांनी त्यातलं एकेक पात्र व्हायचं. काय करायचं ते त्यांनी बोलायचं, जमलं की नाही ते फासा ठरवणार. चाळिशीतली माणसं आणि हा पोरखेळ, असं माझ्या सासूबाई अजूनही म्हणतात.

माझी बहीण पल्लवी तिरंदाज. बेकरीवाला इरफान तलवारबाज.

दिगंबर म्हणजे रामा सुतार. हत्यार, काही नाही.

"अरे, तलवार तरी घे," मी म्हटलं होतं.

"तलवार कधी धरलीये का मी, बाई? घरात जे हाताला लागंल त्याच्यानं लढू."

मी शाळेत गणित शिकवते, म्हणून तो मला बाई म्हणायचा. मग इरफानही म्हणायला लागला.

आणि मग याचं सुरू झालं. प्रत्येक लढाईत हा म्हणणार, इथं कोपऱ्यात मुसळ असंल, तिथं चुलीवर उकळतं तेल असंल. मी वैतागले आणि नियम केला. घरातल्या वस्तूनं लढायचं तर ती खरीखुरी वस्तू घरून आणून टेबलावर ठेवायची. मी ती हातात तोलून बघणार, मग किती बाजूंचा फासा ते सांगणार; बाजू जास्त, तर वार जबर.

वस्तू नाही, तर वार नाही.

मला वाटलं, कंटाळेल आणि गुपचूप तलवार घेईल.

पुढच्या रविवारी तो ओझरहून बसनं वरवंटा घेऊन आला. कंडक्टरनं विचारलं, पिशवीत काय एवढं जड? तर म्हणाला, "लढाईला चाललोय."

वरवंट्याला मी आठ बाजूंचा फासा दिला. सांडशीला चार बाजूंचा. सायकलच्या पंपावरून आमचं अर्धा तास भांडण झालं.

एकदा खेळ ऐन रंगात असताना त्याच्या बायकोचा, सुनीता वहिनींचा फोन आला. "ताई, माझी सांडशी तुमच्याकडं हाय का? हिकडं दूध उतू गेलं."

इरफान खुर्चीवरून पडायचाच बाकी होता.

शेवटच्या रविवारी दिगंबर उशिरा आला. वस्तू नव्हती. हातात एक फाइल होती, ती त्यानं खुर्चीखाली पालथी ठेवली.

गोष्टीत तेव्हा किल्ला पेटला होता. गावकऱ्यांना चोरवाटेनं बाहेर काढायचं होतं आणि शत्रू दाराशी आला होता. रामा म्हणाला, तुम्ही व्हा पुढं, मी दार धरतो.

"कशानं धरतोस?"

"काहीतरी अडकवतो दाराला."

"वस्तू?"

"आज राहिली, बाई."

"मग नुसत्या हातानं धर."

इरफान मधे पडला. "जाने दो ना बाई. ती फाइल ठेवू टेबलावर, चालेल ना?"

"ती नको," दिगंबर म्हणाला.

इतकं पटकन म्हणाला, की मी मान वर करून त्याच्याकडे बघायला हवं होतं. नाही बघितलं. नियम म्हणजे नियम, एवढंच म्हटलं.

फासा तीनदा विरुद्ध पडला तर रामा मेला, असं ठरलं होतं. दोनदा पडला. पल्लवीला घरी जायची घाई होती, म्हणून तिसरा पुढच्या खेपेला ठेवून आम्ही उठलो.

"आणतो रविवारी," तो चप्पल घालताना म्हणाला.

रविवारी तो हॉस्पिटलात होता. मेसेज आला, "रामाला मारू नका. येतो."

मी अंगठा पाठवला.

नुसता अंगठा. ते माझं त्याच्याशी शेवटचं बोलणं.

दहाव्याला वहिनींनी मला बाजूला बोलावून एक पिशवी दिली. आत लाकडाची पाचर होती. दार हलू नये म्हणून खाली सरकवतात, तशी. तळहाताएवढी, घासून गुळगुळीत केलेली.

"ॲडमिट व्हायच्या आदल्या दिवशी घासत बसले व्हते," वहिनी म्हणाल्या. "म्या म्हटलं, जरा पडा. तर म्हणे, बाईंना वस्तू दाखवावी लागती."

सोबत चिठ्ठी होती. त्याचं ते वाकडंतिकडं अक्षर.

"हे हत्यार नाही. दाराखाली लावतो. तेवढ्यात सगळ्यांना बाहेर काढा."

ती पिशवी मी वर्षभर कपाटात ठेवली. वर्गात कुणी वही विसरलं तर हल्ली मी काही बोलत नाही. मुलांना वाटतं, बाई बदलल्या.

आज दुपारी आम्ही तिघं पुन्हा बसलो. मी पाचर टेबलावर ठेवली. इरफाननं ती उचलून हातात तोलली, माझ्यासारखीच, आणि खाली ठेवली.

पल्लवीनं विचारलं, "कुठला फासा, ताई?"

मी सगळे फासे डब्यात भरले आणि गोष्ट सांगायला लागले. दार टिकलं. शेवटची म्हातारी चोरवाटेतून बाहेर पडेपर्यंत टिकलं. सगळे ओढ्यापलीकडे पोचले.

"और रामा?" इरफाननं विचारलं.

मी उठले. आत जाऊन खूप रडले.

दिगंबर, वस्तू बघितली. चालेल.

त्या दिवशी हॉस्पिटलची ती फाइलही चालली असती रे. तू रिकाम्या हातानं नुसता बसला असतास तरी चाललं असतं. मीच चुकले.

भरल्या डोळ्यांनी निरोप देते.

सगळे बाहेर पडलेत. आता दार सोड.

— बाई