चोवीस ठिगळांची गोधडी

कुठलाही जुना कपडा हातात आला की ती आधी तो उन्हाकडं धरून बघायची. डोळे बारीक करून, मान जरा मागं नेऊन, डॉक्टर एक्स-रे बघतो तशी. मग निकाल द्यायची, "ह्याच्यात दम हाय आजून." दम नसलेला कपडाही ती टाकून देत नसे. तो गोधडीच्या आत भरायला जायचा. "दमलेल्यानं आत बसावं," असं म्हणून ती माझ्याकडं बघून हसायची, कारण दुपारच्या सुट्टीत मी वर्गात खुर्चीवर पेंगत असे.

गोधड्या शिवून देणारी अशी एखादी बाई तुम्हीही पाहिली असेल. मी तेव्हा तीर्थपुरीजवळच्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेवर होतो. तिला सगळे मावशी म्हणत. घर शाळेच्या मागं, बौद्ध वस्तीत. एकच खोली, वर पत्रे. नवरा वारलेला, मुलगा आणि सून वाळूजला कामाला. गोधडी अंथरली की घरात पाय ठेवायला जागा उरत नसे. म्हणून एके दिवशी ती शाळेच्या दारात येऊन उभी राहिली.

"सर, व्हरांडा रिकामाच ऱ्हातो. बसू का तिथं? लेकरायला तरास न्हाई व्हणार."

मी "बसा" म्हणालो. पण अशा थाटात म्हणालो की जणू तो व्हरांडा माझ्या वडिलांनी बांधला होता. मी हसनाबादकडच्या शेतकरी घरातला. उपकार केल्यासारखं बोलायची सवय आमच्याकडं लहानपणीच लागते. ती लागलेली आहे हे मला तेव्हा माहीतही नव्हतं.

ती काठापासून शिवायला सुरुवात करायची आणि चारी बाजूंनी फेरे घेत घेत मधे यायची. टाका इतका सारखा, की पट्टीनं मोजून घ्यावा. शिवता शिवता बसल्या जागेवरून सरकत राहायची, त्यामुळं सकाळी खिडकीशी दिसलेली मावशी दुपारी दाराशी सापडायची. माझं शिकवणं तिला आपोआप ऐकू जायचं. मधूनच आतल्या बाजूला शेरा यायचा, "सर, आज लै वरडून राह्यलात." मुलं खुदखुदायची. मी आवाज खाली आणायचो.

चौथीच्या वर्गाला मी अपूर्णांक शिकवत होतो. फळ्यावर भाकरी काढली, तिचे चार तुकडे केले. सुजाता नावाची एक मुलगी होती, मावशीच्याच गल्लीतली. तिला काही केल्या पाव मोठा की अर्धा मोठा ते उमगत नव्हतं. चार हा दोनापेक्षा मोठा, मग पाव मोठा, असं तिचं म्हणणं. मी तिसऱ्यांदा सांगितलं, चौथ्यांदा खेकसलो. बाहेरून आवाज आला, "ए पोरी, हिकडं ये. ह्याची घडी घाल."

सुजातानं गोधडीची घडी घातली.

"आता ही किती?"

"निम्मी."

"आणखी घाल. आता? हिच्यावर तू झोपशील का, पहिल्या घडीवर झोपशील?"

"पहिल्या."

"का?"

"ही लहान झाली. पाय बाहेर येतेत."

झालं. माझा आठवडा जिथं अडकला होता तिथून ती पोरगी दोन घड्यांत बाहेर पडली. त्यानंतर मी गोधडी रोजच वर्गात आणायला लागलो. सहा ओळी, प्रत्येक ओळीत चार ठिगळं, म्हणजे पाढा. काठाला किती दोरा लागेल, म्हणजे परिमिती. आधी मुलं हातानं मोजायची, मग पट्टीनं, आणि दोन्ही उत्तरं का जुळत नाहीत यावरून अर्धा तास भांडायची. मावशी न्यायाधीश. "बराबर दोघांचंबी. हिचा हात लहान हाय," असा तिचा निवाडा असे. दुसरीपर्यंत शिकलेली बाई, पण मी डी.एड.मध्ये जे ऐकलं त्यातलं अर्धं तिला न ऐकता येत होतं.

मग मीच कल्पना काढली. वर्गाची एक गोधडी करू. चोवीस मुलं, प्रत्येकानं घरून एक कपडा आणायचा, आणि तो कुणाचा ते चार ओळींत लिहून आणायचं. मुलांनी काय काय आणलं! आईचं पोलकं, भावाची शाळेची पँट, बहिणीच्या लग्नातला ब्लाउजपीस. शाळा समितीच्या एका सदस्यांच्या नातवानं वारलेल्या पणजोबांचा पटका आणला. सुजातानं आजीच्या लुगड्याचा पदर आणला. लेखनात कधी दोन ओळींच्या पुढं न जाणारी मुलं पानभर लिहून आली.

मावशीनं सगळे कपडे उन्हाकडं धरले, कापले आणि व्हरांड्यात मांडले. कुणाचं कुणाशेजारी, हे तिनं फक्त रंगावरून ठरवलं. "रंग एकमेकाशी भांडले न्हाई पायजेत," म्हणाली. तिनं घर बघितलं नाही, आडनाव बघितलं नाही. पांढऱ्या पटक्याशेजारी तिला हिरवा हवा होता, आणि हिरवा फक्त सुजाताच्या आजीच्या लुगड्यात होता. पंधरा दिवसांत गोधडी झाली. मुलं तिच्यावर पालथी पडून आपापलं ठिगळ शोधायची. एवढा आनंदाचा वर्ग मी त्याआधी घेतला नव्हता. नंतरही नाही.

चार दिवसांनी सदस्य आले. चहा झाला. माणूस सभ्य, आवाज कधी चढत नाही.

"सर, तुमचं शिकवणं बिलकुल चांगलं हाय. पोरगं घरी पाढे म्हणून राह्यलं. पण आमच्या म्हाताऱ्याचा पटका कोणाच्या लुगड्याला जोडला, ते बघितलं का तुम्ही?"

मी म्हणालो, "रंगावरून मांडलंय सगळं."

"तसंच आसंल. पण घरातली बाया-माणसं काय म्हणतेत, तुम्हाला ठावं. तुमच्या घरीबी आसंच आसंल की. दोन करा. आमच्यातली एक, त्यांच्यातली एक. कोणाला काय बोलायची गरज न्हाई."

नव्या वर्गखोलीच्या कागदावर समितीच्या सह्या व्हायच्या होत्या. मी स्वतःला सांगितलं, शाळेसाठी करतोय. हे खोटं होतं. खोलीचा विषय त्यांनी काढलाच नव्हता, तो मला नंतर सोयीनं आठवला. खरं म्हणजे "तुमच्या घरीबी" हे शब्द ऐकून मी घाबरलो. कारण ते खरं होतं.

दुपारच्या सुट्टीत मी मावशीकडं गेलो. म्हणालो, "मावशी, गोधडी फार मोठी झाली. मुलांना उचलत नाही. दोन करू या का?"

तिनं सुई पदराला टोचली आणि माझ्याकडं बघितलं. तिनं कारण विचारलं नाही. एवढंच विचारलं, "कुठून?"

तिनं माझ्या खिशातला खडू बोटानं दाखवला. "रेघ तुम्हीच मारा सर. मला न्हाई जमायचं."

मी गुडघ्यावर बसलो आणि रेघ मारायला लागलो. सरळ रेघ जमेना. ठिगळं रंगानं मांडलेली. त्यांतून एक-एक घर वेगळं काढायचं तर रेघ वाकडीतिकडी, पुढं-मागं, कधी कोपऱ्यातून वळून न्यावी लागत होती. प्रत्येक ठिगळापाशी थांबून मी आठवत होतो, हे कुणाचं, आडनाव काय, घर कुठल्या बाजूला. चोवीसच्या चोवीस मला पाठ होते. हजेरीपटात मी कधी इतका पक्का नव्हतो.

सुजाता ताट धुऊन आली आणि शेजारी उभी राहिली.

"सर, काय करून राह्यले?"

"गोधडीचे दोन भाग करतोय. निम्मी-निम्मी."

तिनं रेघेवरून बोट फिरवलं. ओठ हलवत मोजलं. "निम्मी न्हाई सर. हिकडं सातच येतेत. तिकडं सतरा. सात छेद चोवीस हाय हे."

गणित बिनचूक होतं. मीच शिकवलं होतं, म्हणजे मावशीनं. मी म्हणालो, "जा, वर्गात बस."

ती लगेच गेली नाही. त्या सातांत आपल्या आजीचं लुगडं आहे, आपल्या गल्लीतल्या सगळ्यांचे कपडे आहेत, हे तिनं पाहिलं. तिला दहा वर्षं पुरी नव्हती, पण काही गोष्टी त्या गल्लीत मुलांना लवकर कळतात. मग ती वर्गात जाऊन बसली.

उसवायला मावशीनं हात लावला नाही. मी दाढीच्या ब्लेडनं टाके कापले. तिनं इतके पक्के घातले होते की तासभर गेला. सतरांची गोधडी तिनं दुसऱ्या दिवशी काठ मुडपून नीट करून दिली. सात ठिगळं पिशवीत घालून घरी नेली. त्यानंतर ती व्हरांड्यात आली नाही. वर्गातून मागच्या खिडकीनं मला तिचं अंगण दिसायचं. भर उन्हात, घरासमोरच्या मातीवर पोती पसरून ती शिवत बसलेली असायची. गोधडी मोठी असली तर अर्धी गुंडाळून ठेवायची. मी तिला कधी हाक मारली नाही. मारायला दहा पावलं चालावं लागलं असतं. वर्गखोलीच्या कागदावर सह्या झाल्या. पुढच्या वर्षी माझी वडीगोद्रीजवळ बदली झाली.

गेल्या वर्षी ती गेल्याचं कळलं. जलदान विधीला मी गेलो. अंगणात मंडप, समोर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली तिचा. सून मला बघून पुढं आली. "सर, तुम्ही आलात लै बरं वाटलं. आत्या तुमचं नाव काढायच्या. सरांनी व्हरांडा दिल्ता म्हणायच्या. 'शेवटाला एक गोधडी माझ्या हातून बिघडली, माप चुकलं, सरांना उसवावी लागली, तवापासून मला शाळेत जायची शरम वाटती,' आसं म्हणायच्या."

मी हातातला ग्लास खाली ठेवला. इतकी वर्षं ती गल्लीत हेच सांगत होती. माप चुकलं. माझ्या हातून बिघडली.

वंदना झाली. बोलणाऱ्यांत माझं नाव घेतलं गेलं. "सरांनी दोन शब्द बोलावेत." मी उभा राहिलो. सांगायचं ठरवूनच उभा राहिलो, हे शपथेवर सांगतो. तिच्या टाक्यांबद्दल बोललो, अपूर्णांकाबद्दल बोललो, लोक हसले, काहींनी डोळे पुसले. "तिचं माप कधीच चुकलं नाही," इथपर्यंत आलो. त्यापुढचं वाक्य एवढंच होतं, की रेघ मी मारली होती. समोर बायकांत सुजाता बसली होती. आता जालन्याला कॉलेजात शिकते. ती माझ्याकडं एकटक बघत होती, वर्गात उत्तर येत असलेलं मूल दुसऱ्याच्या उत्तराची वाट बघतं तशी.

मी म्हणालो, "अशी माणसं आता होणार नाहीत." आणि हात जोडून खाली बसलो.

सुजातानं मान खाली घातली.