मिशीवर न बसणारा मास्क

कळव्याच्या सिग्नलला मी स्कूटरवर बसल्या बसल्या झोपलो. हिरवा दिवा लागला, मागच्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली आणि मी अगदी संथपणे डावीकडे कलंडत होतो. मागे बायको बसली होती. तिने पाय टेकून स्कूटर, नवरा आणि भाजीची पिशवी असा सगळा संसार एकटीने सावरला. मग ती उतरली, साडी झटकली आणि म्हणाली, "तुम्ही नीट झोपायला लागाल, त्या दिवशी मागे बसेन." रिक्षा केली आणि स्टेशनकडे निघून गेली.

तोपर्यंत माझं घोरणं हा आमच्याकडे करमणुकीचा विषय होता. मीच त्याची नक्कल करून पाहुण्यांना हसवायचो. मग झोपेची तपासणी झाली. घोरण्याच्या मधे ज्या शांत जागा येतात, ज्या आल्या की घरचे 'गप्प झाला एकदाचा' म्हणून कूस बदलायचे, त्या वेळी माझा श्वास बंद असतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. एकदा नाही, रात्रभर. त्या दिवसापासून बायको ती शांतता ऐकत जागी राहायला लागली.

उपाय होता हवेचं मशीन आणि तोंडाला मास्क. मास्क निवडायला आम्ही ठाण्यातल्या एका दुकानात गेलो. मी सोसायटीच्या गणपतीत वर्षानुवर्षं खलनायक करत आलोय. समोर आरसा आणि तोंडाला लावायला काहीतरी मिळालं की मी मागचं-पुढचं विसरतो. तीन प्रकार होते. एक नाकपुड्यांत बसणारा, इवलासा. दुसरा फक्त नाकावरचा. तिसरा नाक-तोंड दोन्ही झाकणारा. तिसरा चढवून मी वैमानिकासारखा वळलो आणि बायकोला सॅल्यूट ठोकला. ती हसली नाही.

दुकानातल्या मुलीने विचारलं, "झोपेत तोंड उघडं असतं का?"

"मला कसं कळणार? मी झोपलेला असतो."

"असतं," बायको म्हणाली.

"मग मोठाच घ्या. पण मिशी फार रुंद आहे, सर. मास्कची कड केसांवर आली की हवा गळते. काढून टाकलीत तर बरं."

मिशी माझी खरंच दिमाखदार होती, दोन्ही गालांवर चढलेली. पण अडचण दिमाखाची नव्हती. आमच्या कोकणातल्या घराण्यात बाप जिवंत असताना मुलगा मिशी उतरवत नाही. ती उतरते बाप गेल्यावर, दहाव्याला. आणि माझे वडील, आमचे अप्पा, डोंबिवलीत आमच्याच हॉलमध्ये बसून पेपर वाचत होते. मी नाकपुड्यांतला मास्क उचलला. "हा मिशीला लागतच नाही," म्हणालो. बायकोने मान दुसरीकडे वळवली.

तो मास्क फुकट गेला. हवा नाकातून आत यायची आणि उघड्या तोंडातून निघून जायची. सकाळी जीभ पापडासारखी वाळलेली. ऑफिसात साहेबांसमोर माझी मान पडली. बायकोच्या डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं. शेवटी मोठा मास्क आणला, तर मिशीच्या टोकांतून हवा शिट्टी मारत थेट डोळ्यांत. मी कात्री घेतली. डावं-उजवं सारखं करता करता नाकाखाली चौकोनी तुकडा उरला आणि आरशात एक हुकूमशहा उभा राहिला. दोन्ही बाजूंना खुंट होतेच. शिट्टी बारीक झाली, थांबली नाही. टोकं तुळतुळीत करायची म्हणजे तो हुकूमशहा कायमचा घरात ठेवायचा, नाहीतर सगळीच काढायची.

बायकोने सकाळच्या चहाला विषय काढला. "अप्पा, यांना मिशी काढावी लागेल."

अप्पांनी बशी खाली ठेवली. "का? मी गेलो?"

"तसं नाही हो, अप्पा. मास्क बसत नाही."

मी उभा राहून हवा कुठून येते, कुठून जाते, हे हातवारे करून दाखवलं. एरवी अप्पा माझ्या नाटकाला 'पुरे' म्हणतात. त्या दिवशी शेवटपर्यंत बघत राहिले.

"आणि नाही लावला तर?"

मी काहीतरी गमतीचं बोलायला गेलो. बायको मधेच म्हणाली, "श्वास थांबतो यांचा. मी ऐकते रोज."

अप्पा उठून आतल्या खोलीत गेले. दुपारी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. "चल."

सलूनमध्ये आमच्या नेहमीच्या माणसाने वस्तरा हातात घेतला आणि थांबला. आवाज खाली आणून मला विचारलं, "काका, अप्पा कधी…"

मागच्या बाकावर पेपर खाली झाला. "इथे बसलोय मी," अप्पा म्हणाले. "माझ्यासमोरच काढ. म्हणजे कोणासाठी काढली ते कोणी विचारलं, तर सांगायला मी आहे."

त्याने काढली. अप्पांनी आरशातून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि नजर पेपरात घातली. तिथून घरी आलो. जिन्यात तिसऱ्या मजल्यावरचे काका भेटले. माझा बोडका ओठ बघून त्यांचा चेहरा पडला, हात जोडले गेले. तेवढ्यात माझ्यामागून कठड्याला धरत अप्पा वर आले. "लिफ्ट बंद आहे वाटतं," म्हणाले.

मी हा किस्सा नंतर खूप रंगवून सांगितलाय. हे जिन्याचं आलं की लोक हसतात, आणि मी तिथेच थांबतो.

त्या दुपारी जेवून मी मास्क लावून आडवा झालो. शिट्टी नाही, डोळ्यांत वारा नाही. जाग आली तेव्हा उन्हं उतरली होती. डोकं इतकं स्वच्छ कधी असल्याचं मला आठवत नव्हतं. शेजारी बायको भिंतीकडे तोंड करून गाढ झोपली होती, तोंड किंचित उघडं. आनंदाने मास्क काढून ओठावर हात फिरवला, तिथे काही नव्हतं, बाप गेल्यासारखं. मी तसाच अनवाणी आतल्या खोलीत गेलो.

अप्पा उताणे झोपले होते. छातीवरचा सदरा श्वासाने हलतोय की पंख्याने, कळेना. मी वाकलो, गाल त्यांच्या नाकाजवळ नेला.

"काय बघतोस?" डोळे मिटलेलेच होते.

"काही नाही. झोप झाली का विचारायला आलेलो."

"तुझी झाली?"

"झाली."

"मग माझी का मोडतोस?" म्हणाले आणि कुशीवर वळले.

मी हलकेच पंखा बंद केला आणि त्यांच्या पाठीवरचा सदरा हलतोय की नाही, ते बघत उंबऱ्यात उभा राहिलो.