किल्ली कुणीकडं फिरवली

लग्नानंतरची माझी पहिली दिवाळी खुटबावला माहेरी झाली. म्हणजे दिवाळी माझी नव्हे, ह्यांची. जावयाचा पहिला दिवाळसण असला की मुलीनं मुकाट्यानं करंज्या तळाव्यात आणि जावयानं ओट्यावर बसून त्या खाव्यात, अशी आमच्याकडची वाटणी. आबा, म्हणजे माझे वडील, आठ दिवस आधीपासून अंगण सारवून घेत होते. आपली जीपही त्यांनी धुतली आणि शेतातल्या झेंडूची माळ तिच्या नाकावर बांधली.

जीप पेट्रोलची होती, लिलावात घेतलेली, सत्तरच्या त्या दशकात खुटबावात मोटार म्हणावी अशी जवळजवळ तेवढीच. तिच्यातून आमची झेंडू-शेवंती दौंडच्या बाजाराला जायची. तिला एक खोड होती. एक्सलेटर पार तळापर्यंत दाबला की तो परत वर यायचं नाव घेत नसे. त्याची स्प्रिंग कधीच तुटली होती आणि तिच्या जागी आबांनी सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधली होती. उन्हानं पट्टी सैल पडली की पाय काढला तरी गाडी बोंबलत पळतच राही.

आबांचा त्यावरचा इलाज ठरलेला होता. आधी पायाची बोटं पेडलखाली घालून ते उचलायचं. नाहीच उचललं, तर स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरायचं, ब्रेक दाबायचा आणि ओरडायचं, "किल्ली!" ती फिरवायचं काम माझं. सातवीत असल्यापासून बाजाराच्या दिवशी मी त्यांच्या शेजारी बसायची ती एवढ्यासाठीच. का फिरवायची, हेही त्यांनीच समजावलं होतं. "किल्ली बंद केली म्हंजी कॉइलला करंट न्हाई. करंट न्हाई तर प्लगला ठिणगी न्हाई. आन् ठिणगी न्हाई तर पेट्रोल किती का येईना, ते नुसतं पाणी." मग गाडी हळूहळू थांबायची, आबा खाली उतरून पट्टी आवळायचे आणि आम्ही पुढे निघायचो. घाबरण्यासारखं त्यात काही आहे, असं मला कधी वाटलं नाही.

पाडव्याच्या दिवशी ह्यांना कपडे घ्यायला सगळ्यांनी दौंडला जायचं ठरलं. निघताना आबांनी किल्ली तळहातावर ठेवून ह्यांच्यापुढे धरली. "पाव्हणं, तुम्हीच चालवा की. तुमचीच गाडी हाय."

हे शिरूरच्या एका कचेरीत कारकून होते. साहेबांच्या ड्रायव्हरला चहा पाजून पाजून त्यांनी मैदानात जीप शिकून घेतली होती आणि लग्नाच्या बैठकीत ते आवर्जून सांगितलंही होतं. मैदानात समोरून कुणी येत नाही, एवढाच काय तो फरक. त्यांनी नवी टोपी सारखी केली, किल्ली उचलली आणि स्टिअरिंगपुढे बसले. आबा त्यांच्या शेजारी. आई आणि मी मागच्या बाकांवर.

आईनं आबांकडे पाहिलं. मीही पाहिलं. पेडलचं आबा आता सांगतील, असं दोघींनाही वाटलं. आबांनी घसा खाकरला, आणि रस्त्याकडे बघत बसले. जावयाला दिलेली गाडी खोडीची आहे, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? आणि त्यानं पाय कसा ठेवावा, हे शिकवणारे आपण कोण? जावई म्हणजे दहावा ग्रह. त्याची शांत करतात, त्याला शिकवत नाहीत.

कालव्यापर्यंत ठीक गेलो. तिथे उसाची एक बैलगाडी पुढे होती. तिच्यामागे धूळ खात जाणं जावयाला शोभेना, म्हणून ह्यांनी एक्सलेटर तळापर्यंत दाबला. बैलगाडी मागे पडली. इंजिनाचा आवाज मात्र कमी होईना. ह्यांचा पाय हवेत होता, ते मला मागून दिसत होतं, आणि जीप पळतच होती.

समोर कालव्याचा पूल. पुलाच्या तोंडाशी रस्ता एकदम वळतो, आणि न वळणाऱ्यासाठी पलीकडे कालवा. पाणी सुटलेलं होतं, दोन्ही काठ भरून. ह्यांनी ब्रेक दाबला. गाडी थरथरली, पण इंजिन तिला ढकलतच होतं. मग क्लच दाबला, तर इंजिन असं किंचाळलं की त्यांनी घाबरून तो सोडून दिला आणि जीपनं पुढे उसळी घेतली.

आबांचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला आणि परत मांडीवर आला. जावयापुढून हात घालायचा कसा? ते म्हणाले, "पाव्हणं, जरा किल्ली बघता का?"

ह्यांनी खरंच किल्लीकडे बघितलं. "आहे की," म्हणाले.

पुढचं मी केलं नाही, हातानं केलं. मी दोन सीटांच्या मधून वाकले, ह्यांच्या खांद्यावरून हात घातला आणि किल्ली फिरवली. इंजिन मेलं. आता ब्रेकनं चाकं धरली. जीप खडीवरून घसरत गेली आणि पुलाच्या अलीकडे, काठापासून दोन हातांवर थांबली. पाण्याचा आवाज तेवढा येत राहिला. माझं कोपर ह्यांच्या डोक्याला लागलं होतं आणि त्यांची नवी टोपी उघड्या जीपमधून उडून कालव्यात पडली होती.

खाली बाया धुणं धूत होत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं. एकीनं टोपी काठीनं ओढली, पिळली आणि वर आणून ह्यांच्या हातात दिली. "पोरीनं गाडी थांबवली म्हनून बरं," ती म्हणाली. "न्हाईतर टोपीसंगं तुमालाबी काढाय लागलं असतं." बाकीच्या पदरात तोंड घालून हसल्या. ह्यांनी ओली टोपी खिशात कोंबली आणि घराच्या दिशेनं पायी चालायला लागले. दौंडला त्या दिवशी कुणीच गेलं नाही.

आईनं मला जीपमध्येच धरलं. "त्यांच्या अंगावरनं हात कसा घातलास गं? चार बायांम्होरं?"

मी आबांकडे पाहिलं. किल्ली फिरवायला शिकवणारा माणूस शेजारीच होता. ते खाली उतरून वाकले होते आणि रबराची पट्टी आवळत होते. त्यांनी वर बघितलं नाही.

घरी आल्यावर हे जेवायला उठेनात. पाटाभोवती रांगोळी, पाटावर कुणी नाही. शेवटी ओट्यावरूनच आबांना म्हणाले, "मी उद्या एकटाच जातो शिरूरला." आत आईच्या हातातली पळी थांबली. आमच्या शेजारची एक पोर नवऱ्यानं अशीच एका सणाला आणून सोडली होती. ती अजून बापाच्या घरी गोठा काढत होती, आणि तिचं काय चुकलं हेही लोक विसरून गेले होते. मला काय होऊ शकतं, ते त्या ओसरीवर प्रत्येकाला माहीत होतं.

आई म्हणाली, "जा, पाया पड."

मी सगळ्यांसमोर पाया पडले. "चुकलं माझं," म्हटलं. ते मी नाइलाजानं म्हटलं, असं आज सांगितलं तर लोकांना बरं वाटेल. पण तसं नव्हतं. मला खरोखर लाज वाटत होती. माझ्याच हाताची लाज. चार माणसं घरी धड बसलेली होती, ती माझ्या हातामुळं, आणि मी तो हात पदराखाली लपवत होते. रात्री भांडी घासताना मला ती ओली टोपीच आठवत होती. कालवा एकदाही आठवला नाही.

दुसऱ्या दिवशी ह्यांना शिरूरची एसटी दौंडच्या स्टँडवरून धरायची होती. मला नेणार की नाही, ते काही बोलले नव्हते. आईनं माझी पिशवी भरून ठेवली होती आणि ती दाराच्या आत ठेवावी की बाहेर, हे तिला कळत नव्हतं. आबांनी तळहातावर किल्ली ठेवली आणि पुन्हा ह्यांच्यापुढे धरली. जावयाचा मान गेला होता, तो जिथून गेला तिथूनच परत द्यायला हवा होता. पेडलचं आजही कुणी बोललं नाही. मी पिशवी घेऊन मागे चढले तशी आई कानाशी म्हणाली, "हात मांडीवर ठिव."

मी ठेवले. पुलाशी ह्यांनी गाडी इतकी हळू घेतली की मागून येणारा सायकलवालाही पुढे निघून गेला. पट्टी घट्ट होती, काही झालं नाही.

स्टँडवर आई माझी पिशवी छातीशी धरून लांब उभी राहिली. आबा एसटीची चौकशी करायला गेले. हे माझ्या शेजारी येऊन उभे राहिले, तोंड मात्र गाड्यांकडे. मग हळूच विचारलं, "काल किल्ली कुणीकडं फिरवलीस?"

आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं. कालपासून ते त्यावरच विचार करत असणार. मी 'डावीकडे' म्हटलं असतं, तर त्यांनी ते मनात धरून ठेवलं असतं, आणि पेडलखाली बोटं घालायचंही मला सांगता आलं असतं. इतक्या सरळपणे त्यांनी मला पुन्हा फार क्वचित काही विचारलं.

मी म्हटलं, "मला काय कळतंय त्यातलं? हात चुकून लागला."

त्यांनी श्वास सोडला. "तेच म्हटलं," ते म्हणाले. चेहरा मोकळा झाला. "चल, गाडी लागली." त्यांनी आईच्या हातातून माझी पिशवी स्वतः घेतली. आईनं डोळे पुसले. आणि मी मागे वळले तर आबा चौकशी करून येऊन उभे होते, अगदी जवळ. त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली स्वतःच्या चपलांकडे पाहिलं आणि म्हणाले, "सावकाश जावा."

किल्ली फिरवल्याची लाज पुढे केव्हातरी गेली. ते 'चुकून' मात्र अजून घशात आहे. त्या एका शब्दावर मी नांदायला गेले, चांगली नांदले, पोरंबाळं झाली. हे वाईट माणूस नव्हते. ते तर विचारत होते.

पुढच्या दिवाळीला आबांनी पुन्हा किल्ली ह्यांच्यापुढे धरली. मी मागच्या बाकावर बसले आणि वाकून पाहिलं. पेडलला नवी कोरी स्प्रिंग होती. आबांनी ती बसवल्याचं कुणाला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पूल आला तसे हे ऐटीत वळले. मांडीवरचा माझा हात तेवढा, पदराखाली, डावीकडे फिरला.