नकोमामांनी बसवलेलं कुलूप

तुमच्या घराची किल्ली एखाद्या परक्या माणसानं हातात घेऊन उजेडात निरखून बघितली, तर तुम्हाला चालेल का? नाही ना? मग तिचा फोटो कसा चालतो? नव्या घराचा ताबा मिळाला की किल्ली बोटात अडकवून, दात काढून फोटो टाकणारे तुम्हीच ना? तुमचे दात दिसले तर दिसू द्यात. किल्लीचे दिसले की कारभार आटोपला. जाणत्या माणसाला मग मूळ किल्ली हातात असावी लागत नाही, फोटो पुरतो.

हे ऐकवायचे नकोमामा. बाजाराच्या तोंडाशी, घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या शेजारी, एका टेबलावर किल्ल्या घासून देणारा माणूस. खरं नाव बाजारात कुणाला ठाऊक नाही आणि मामांनाही ते सांगायची हौस नाही. फोनमध्ये नवीन काही घेतलं की ते विचारतं, कॅमेरा वापरू का? मामा मोठ्यांदा म्हणणार, "नको." तुम्ही कुठे आहात ते बघू का? "नको." तुमच्या ओळखीच्यांचे नंबर? "तुझ्या बापाचे आहेत का? नको." म्हणून नकोमामा.

सकाळच्या चहाबरोबर मामा फोनवरच्या बातम्या घड्याळवाल्याला वाचून दाखवायचे. वाचायचे कमी, भांडायचे जास्त.

"ऐक. म्हणे एका कंपनीतून लाखो लोकांची माहिती फुटली. फुटली! पाण्याचा पाइप आहे का फुटायला? नीट राखली नाही असं म्हणायला तोंड दुखतं यांचं."

"मामा, चहा गार होतोय."

"आणि हे बघ, चेहरा दाखवला की उघडणारं दार. अरे, किल्ली हरवली तर माझ्याकडे ये, दुसरी करून देतो. चेहरा एकदा चोरीला गेला तर दुसरा कुठून आणणार?"

"तुमचा कोण चोरणार मामा? फुकट ठेवलात तरी कुणी उचलायचं नाही."

शर्ट घ्यायला गेले तर काउंटरवरची मुलगी विचारायची, "सर, मोबाइल नंबर?" मामा म्हणायचे, "शर्ट मला फोन करणार आहे का?" मागची रांग हसायची, मुलगी ओशाळायची, आणि मामा छाती काढून बाहेर पडायचे. आपण कुणाच्या जाळ्यात सापडत नाही याचा केवढा तो ताठा! त्या ताठ्यातच सगळं बिनसलं.

किल्ली करायला आलेल्या माणसाचं नाव-गाव विचारायचं नाही, ही त्यांच्या वडिलांची शिस्त. किल्ली आणि पत्ता एका डोक्यात नकोत. घरी जाऊन कुलूप बसवायचं असेल तेव्हा मात्र पत्ता कळतोच. त्यावर मामांचं उत्तर ठरलेलं होतं, "जिना उतरलो की मी विसरतो."

एक बाई टेबलाशी आली. लाँड्रीत इस्त्रीचं काम करणारी, हाताशी लहान मुलगी. म्हणाली, "दादा, दाराचं कुलूप बदलायचंय. मजबूत पाहिजे. आणि मी कुठे राहते ते कुणाला..."

"ताई," मामांनी तिला वाक्य पुरं करू दिलं नाही, "मला उद्या स्वतःचं घर आठवलं तरी खूप झालं."

ती थोडी हसली. मग हळूच सांगितलं. नवऱ्याचा मार खाऊन खाऊन शेवटी मुलीला घेऊन निघाली होती. दुसऱ्या भागात खोली घेतली होती. तो शोधत होता. त्याला ठावठिकाणा लागू नये, एवढंच तिचं मागणं होतं.

मामा गेले, पण एकटे गेले नाहीत. बरोबर लेक होती. ती एका कपड्यांच्या दुकानाच्या जाहिराती फोनवर टाकायचं काम करते. बरेच दिवस ती बापाच्या मागे लागली होती. "बाबा, लोक आता आकडे दाबून दार उघडतात. तुम्ही कुठे दिसलाच नाहीत तर संपलात. निदान तुमचे हात तरी दाखवू द्या. असे हात आहेत कुणाचे?"

लेकीनं हातांचं कौतुक केल्यावर कुठला बाप 'नको' म्हणतो?

तिनं बाईला व्हिडिओसाठी विचारलं, तेही उंबऱ्यात, काम निम्मं झाल्यावर. "ताई, तुम्ही नाही दिसणार हां. फक्त बाबांचं काम." दारात दोन परकी माणसं हत्यारं घेऊन बसलेली, कुलूप अर्धं खोललेलं. अशा वेळी माणूस काय म्हणणार? बाई "बरं" म्हणाली. त्या 'बरं'ला परवानगी म्हणतात का हो? फोनवरचं 'मान्य आहे' हे बटण दाबणारे आपण सगळे असेच अर्धं दार उघडं टाकून उभे असतो. असो, डोकं तापतं.

नव्या कुलपाबरोबर दोन किल्ल्या होत्या, बाईला तिसरी हवी होती, मुलीसाठी. मामांनी छोटं यंत्र बरोबर नेलं होतं. तिथेच किल्ली कापली आणि मग सवयीनं जे करायचं ते केलं. जुनी आणि नवी एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरली. दोन्हींच्या दातांतून उजेडाची रेघ दिसली नाही म्हणजे काम चोख. प्रत्येक किल्लीवाला हे करतो. मामांनी यावेळी लेकीकडे वळून, जरा जास्त वेळ धरली. वर म्हणाले, "हे कुलूप फोडायला येणाऱ्यानं डबा बरोबर आणावा. जेवणवेळ होऊन जाईल."

मागून बाईचा आवाज आला, "दादा, आतून कडीपण बसवा ना एक."

व्हिडिओ टाकायच्या आधी मामांनी स्वतः तपासला. हे विशेष. चष्मा कपाळावर चढवून, फोन नाकाशी धरून दोनदा बघितला. बाई दिसत नाही. मुलगी दिसत नाही. नाव नाही, पत्ता नाही. "टाक," म्हणाले. अख्ख्या जगाच्या कॅमेऱ्यांना 'नको' म्हणणारा माणूस स्वतःचे हात बघण्यात इतका रंगला, की हातांच्या मागे काय आहे आणि कानांवर काय पडतंय, ते त्याला दिसलंही नाही आणि ऐकूही आलं नाही.

डब्याचं ते वाक्य लोकांना भलतंच आवडलं. बाजारात पोरं ओरडायची, "मामा, डबा आणलाय!" चहावाला चहाचे पैसे घेईना. घड्याळवाल्यानं तो व्हिडिओ आपल्या तीन-चार ग्रुपांवर पाठवला आणि "हा माझा शेजारी" असं खाली लिहिलं. मामा वरून कुरकुरायचे आणि गिऱ्हाईक नसलं की हळूच बघायचे, आता किती जणांनी पाहिला.

मग एक दिवस भर दुपारी एक माणूस टेबलाशी आला. इस्त्रीचा शर्ट, बोलणं गोड.

"मामा, तुमचं काम बघितलं. मानलं बुवा. मलापण असंच कुलूप बसवायचंय."

"बसवू की. दार लाकडी की लोखंडी?"

"असंच," म्हणत त्यानं फोन पुढे केला. व्हिडिओ थांबवलेला होता. चित्र मोठं केलेलं होतं. त्यात मामांचे हात नव्हते. होती फक्त दाराची चौकट आणि जिन्यातल्या खिडकीबाहेर दिसणारा एका दुकानाच्या पाटीचा तुकडा. "ही बिल्डिंग कुठली हो? माझी बहीण राहते त्या बाजूला. तिच्याकडेच बसवायचंय."

मामांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. कुलूप घ्यायला आलेला माणूस किंमत विचारतो, टिकेल का विचारतो, आधीच्या कुलूपवाल्याला शिव्या घालतो. दुसऱ्याच्या दाराचा पत्ता विचारत नाही.

"जुना व्हिडिओ आहे," मामा म्हणाले. "दुसऱ्या गावचा."

"हो का? टाकलाय तर परवाच." तो हसला, आणि त्यानं व्हिडिओ सुरू केला. "दादा, आतून कडीपण बसवा ना एक." थांबवला. मागे नेला. पुन्हा लावला. "आवाज ओळखीचा वाटतो," म्हणाला आणि शांतपणे निघून गेला.

मामांनी टेबल तसंच टाकलं. किल्ल्या खिळ्यांना लटकलेल्या, यंत्र उघडं. घड्याळवाला ओरडला, "अहो, कुठे?" लेकीच्या दुकानात शिरले ते थेट गिऱ्हाइकांमधून.

"पूस. आत्ताच्या आत्ता पूस."

"काय झालं बाबा?"

"ज्याच्या भीतीनं त्या ताईंनी कुलूप बसवून घेतलं, तो कुलपाचा पत्ता विचारून गेला."

लेकीचा चेहरा उतरला. तिनं व्हिडिओ काढून टाकला. मग शोधायला लागली आणि बोटं थांबेनात. एका विनोदी पानानं तो उचलून खाली गाणं लावलं होतं. दुसऱ्यानं वर हसरे चेहरे चिकटवले होते. किल्लीचे दात, दार, आवाज, सगळं जागच्या जागी. व्हिडिओवाल्या कंपनीकडे तक्रार केली. उत्तर आलं, आम्ही तपासलं, आमच्या नियमांचा भंग आढळला नाही. कोण 'आम्ही'? माणूस आहे का कुणी तिथे? चौकीत गेले तर हवालदार म्हणाला, "काही घडलंय का?"

"घडू नये म्हणून आलोय."

"मग घडल्यावर या ना."

मामांनी तिथे काय उत्तर दिलं ते छापण्यासारखं नाही. लेकीनं हात धरून बाहेर काढलं म्हणून निभावलं.

खरं अवघड होतं ते पुढेच. बाईला सांगणं. लेक म्हणाली, "मी सांगते, मी काढला होता." मामा म्हणाले, "दाखवायची खाज माझी होती." दोघंही गेली.

बाईनं ऐकून घेतलं. रडली नाही. मामांना वाटलं होतं रडेल, मग आपण धीर देऊ. ती उभी राहिली आणि म्हणाली, "मी तुम्हाला एकच गोष्ट सांगितली होती ना, दादा?"

"मी कुलूप बदलून देतो. आत्ता. दुसरं आणलंय."

"कुलूप बदलाल. दार बदलाल? खिडकीबाहेरचं दुकान बदलाल? माझा आवाज बदलाल?"

"दुसरी खोली बघू. मी बघतो."

"का? मुलीची शाळा आत्ता कुठे सुरळीत झाली. लाँड्रीवाले चांगले आहेत. दर वेळी मीच का उठायचं? त्याला कुणी सांगत नाही, तू जा म्हणून." तिचा आवाज चढला आणि एकदम खाली आला. जिन्यात पावलं वाजली होती. तिघांचीही नजर दाराकडे गेली. वरच्या मजल्यावरचे आजोबा होते, पिशवी घेऊन चाललेले.

मामांनी कुलूप बदललं. किल्ली या वेळी उजेडात न धरता नुसती अंगठ्यानं चाचपली. निघताना बाई म्हणाली, "तुमच्या बोलण्याला लोक हसले ना? मग तेच लोक तुमचं ऐकतील. त्यांना सांगा पुसायला."

तेव्हापासून मामांच्या पायाला भिंगरी आहे. टेबलाशी बसवत नाही. दुकानोदुकानी जाऊन म्हणतात, "तो व्हिडिओ आहे का? माझ्यासमोर पूस." लोक हसतात. "मामा, इतकी प्रसिद्धी कुणाला मिळते? राहू द्या की." कुणी म्हणतं, नवरा-बायकोचं भांडण, मिटेल. त्याच्याशी मामांची हमरीतुमरी होते. बाईच्या गल्लीच्या तोंडाशी दिवसातून किती फेऱ्या होतात, त्याची गणतीच नाही. तो इस्त्रीच्या शर्टातला माणूस पुन्हा दिसला. बाजाराच्या पलीकडच्या बाजूला, एका रिक्षावाल्याला फोन दाखवत होता. म्हणजे घर अजून सापडलेलं नाही. आणि शोधणं थांबलेलंही नाही.

घड्याळवाला तेवढा कुरकुरला. "मी पुसतो हो, पण ग्रुपवर शेकडो लोक. माझ्या एकट्याच्या पुसण्यानं काय होणार?"

मामा त्याच्यावर भडकले. "तुझ्या एकट्याच्या पाठवण्यानंच गेला ना त्या शेकडोंकडे? तेव्हा नाही म्हणालास, माझ्या एकट्यानं काय होणार!"

घड्याळवाल्यानं चष्मा काढला. मग एकेका ग्रुपवर स्वतःच्या आवाजात निरोप टाकायला बसला: बाबांनो, मी पाठवलेला तो व्हिडिओ काढा, एका बाईच्या जिवाचा प्रश्न आहे. काहींनी काढला. काहींनी विचारलं, कुठली बाई? फोटो आहे का? काय करणार अशा लोकांचं!

हे छापण्याआधी बाईला वाचून दाखवलं. तिनं जे गाळायला सांगितलं, ते गाळलं. दाराचा रंग गाळला, पाटीवरची अक्षरं गाळली, मजला गाळला. ती अजून तिथेच आहे आणि सकाळी मुलीला सोडायला त्याच जिन्यानं उतरते.

आता तुमच्याकडे वळतो. फोन जवळ असेलच. किल्लीवाल्या मामांचा व्हिडिओ तुमच्याकडे आला असेल, हसून तुम्ही पुढे ढकलला असेल, तर तो शोधा. उघडून पुन्हा बघू नका, 'दार कुठलं असेल' म्हणून चित्र मोठं करू नका. पुसा. ज्यानं पाठवला त्याला फोन करून पुसायला लावा, आणि ज्यांना तुम्ही पाठवला त्यांनाही. कुणी तो दाखवून पत्ता विचारला, तर माहीत नाही म्हणा. हे पान खाली ठेवायच्या आधी करा.