अमावास्येची प्रत

नम्रताकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते तिनं मला दुकानात उभं करून वाचायला लावलं तेव्हा. भाचीच्या लग्नाची पत्रिका छापायला मी बिबवेवाडीतल्या तिच्या दुकानात गेले होते. मजकूर पडद्यावर जुळवून झाल्यावर ती मान वर न करता म्हणाली, "वाचा मोठ्यानं. मनात वाचलं की चुका निसटतात." वाचताना कळलं, मुलाच्या आजोबांचं नावच राहिलं होतं. वर्गात जन्मभर हेच सांगत आलेल्या मला ती तिथेच आवडली.

नम्रता मूळची वाशीमची. नवरा कारखान्यात पाळीवर, दुकान एकटीचं. तिची सगळी मराठी अक्षरं, वेलबुट्ट्या, गणपती एका जुन्या प्रोग्रॅममध्ये होते. तो बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली आणि त्याची सीडी घर बदलताना हरवलेली. दिवाळीनंतर कॉम्प्युटरची डिस्क टकटक वाजू लागली. तुळशीचं लग्न तोंडावर, म्हणजे पत्रिकांचा हंगाम.

तिनं घाईनं सगळ्या फाइली पेनड्राइव्हवर घेतल्या आणि बहिणीच्या लॅपटॉपवर उघडल्या. तिथे तो प्रोग्रॅमच नव्हता; गणपतीच्या जागी चौकोन, वधूच्या नावात डॉलरची चिन्हं!

हिंजवडीत कॉम्प्युटर कंपनीत नोकरी करणारा तिचा भाचा शुभंकर फोनवर म्हणाला, "मावशी, तो डबा भंगारात दे."

"आधी तुझी पत्रिका छापते, मग देते. मिळाली का कुणी?"

तो हसला. मग त्यानं तिला एका फुकट सॉफ्टवेअरचं नाव सांगितलं. "फाइली उचलू नकोस, अख्खी डिस्क उचल. प्रोग्रॅम, फॉन्ट, सगळं जसंच्या तसं येईल."

व्हिडिओ बघून बघून ती शिकली. टकटकणाऱ्या डिस्कची प्रत बाहेरच्या एका डिस्कवर कशीबशी पूर्ण झाली आणि दुसऱ्याच दिवशी जुनी डिस्क बंद पडली. दुरुस्तीवाल्यानं नवी डिस्क बसवून दिली. आता प्रत तिच्यावर उतरवायची होती. एव्हाना आमची ओळख वाढली होती; नम्रताच्या सांगण्यावरून मी सोबतीला जाऊन बसले.

पडद्यावर दोन डिस्कांची नावं होती. एक नवी आणि रिकामी, दुसरी ती एकुलती एक प्रत असलेली. खाली इशारा : निवडलेल्या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल. नम्रतानं माउसवरचा हात काढून घेतला.

"बाई, मी मोठ्यानं वाचते. चुकले तर ओरडा."

"ओरडायची सवय आहेच मला," मी म्हटलं.

तिनं नाव वाचलं, आकार वाचला, नव्या डिस्कच्या खोक्याशी ताडून पाहिला. पुन्हा वाचला. मग बटण दाबलं. दोन चहा झाले. कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला तेव्हा तिनं एक जुनी पत्रिका उघडली. गणपती जागेवर होता, वेलांट्या जागेवर होत्या. ती बाहेर जाऊन दुकानाची पाटी पुसून आली.

अमावास्येला पत्रिकेचं काम घेऊन कुणी येत नाही, म्हणून त्या दिवशी नम्रता सबंध डिस्कची नवी प्रत घेते. प्रतीची डिस्क एरवी दुकानात नसते. घरी, कपाटात असते.