हजेरीपटावरचे सदतीस रुमाल

खोटं बोलू नका. थूल सर 'सर्वांचे लाडके' वगैरे अजिबात नव्हते.

काल दुपारी सर गेले. संध्याकाळपर्यंत आमच्या बॅचच्या ग्रुपवर हात जोडलेल्या इमोजींचा सडा पडला. संस्थेनं फुलांच्या फ्रेममध्ये फोटो टाकला. 'हजारो विद्यार्थ्यांना घडवणारे लाडके शिक्षक.'

वाचलं आणि डोकं सणकलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सेलूकडच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात सर अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवायचे. अकरावीचा पहिला महिना नुसते आकडे. सायंटिफिक नोटेशन आणि सिग्निफिकंट फिगर्स. पेपरात जेमतेम दोन मार्कांचा टॉपिक, आणि हा माणूस सोडायलाच तयार नाही.

फळ्यावर ०.००२५ लिहायचे. "यातले खरे आकडे किती?"

आम्ही म्हणायचो, पाच.

"दोन. समोरचे शून्य म्हणजे एसटीत टाकलेले रुमाल. नुसती जागा धरून राह्यले. माणूस कुठं हाये?"

मग खाली लिहायचे, २.५ इन्टू टेन रेझ टू मायनस थ्री. "हे पाय. रुमाल उचलले. बसले तेवढेच उरले."

आम्ही हसायचो. पण डोक्यात बसलं ते कायमचं.

शेवटच्या शून्यावरून मात्र सर भांडायचे. एकदा मी ब्युरेटचं, म्हणजे त्या रेघांच्या उभ्या काचनळीचं, रीडिंग नुसतं १० लिहिलं. सरांनी एक मार्क कापला.

"सर, एका शून्यानं काय होते?" मी चिडून विचारलं.

"काऊन नाई होत? ब्युरेटवर दहा पॉइंट झिरो दिसलं ना तुले? मंग लिही. तू वाकून रेघ पाह्यली, त्याचा पुरावा हाये ते शून्य."

मला पटलं नव्हतं. मार्क गेला एवढंच दिसत होतं.

आता जे कुणीच लिहीत नाहीये ते लिहिते.

आमच्या हजेरीपटावर साठ नावं होती. वर्गात बसायचो आम्ही तेवीस. बाकीचे सदतीस नागपुरात क्लासला. अ‍ॅडमिशन इथे, अभ्यास तिथे. पालकांना माहीत, संस्थेला माहीत, सगळं गुण्यागोविंदानं चाललेलं.

सर मात्र रोज साठच्या साठ नावं पुकारायचे. उत्तर नाही आलं की म्हणायचे, "रुमाल." आणि पुढचं नाव.

बारावीच्या प्रॅक्टिकल परीक्षेआधी ते सदतीस जण जर्नल घेऊन उगवले. सगळी एकाच जुन्या जर्नलवरून उतरवलेली. सगळ्यांची तिन्ही रीडिंग्ज १०.०, १०.०, १०.०. शेवटच्या शून्यासकट!

"ब्युरेट कोणती ते तरी दाखव," सर त्यातल्या एकाला म्हणाले.

त्यानं पिपेट उचललं.

सरांनी सदतीसपैकी एकाही जर्नलवर सही केली नाही.

दोन दिवसांनी ऑफिसातून अर्ज टाईप होऊन वर्गात आला. 'थूल सर प्रॅक्टिकल घेत नाहीत. आम्हा सर्व साठ विद्यार्थ्यांचे नुकसान होत आहे.' नागपूरवाल्यांच्या सह्या आधीच झालेल्या. सगळ्या एकाच निळ्या पेनच्या.

क्लार्क म्हणाला, "करून टाका सह्या. नाई तर तुमचेबी मार्क अडकतीन."

मी केली.

भीती होती, आणि त्या एका मार्काचा रागही होता. ज्या माणसानं माझ्या हातात ब्युरेट दिली, तो प्रॅक्टिकल घेत नाही, असं मी माझ्या सहीनिशी लिहून दिलं.

सरांना बारावीवरून काढलं. संस्थेच्या गिरडकडच्या शाळेत पाठवलं, आठवीला सामान्य विज्ञान शिकवायला. रिटायर होईपर्यंत तिथेच.

जायच्या दिवशी सर लॅबमध्ये ब्युरेटी धुऊन स्टँडला उलट्या लावत होते. मी दारात उभी.

"अर्ज पाह्यला मी," सर म्हणाले. "साठ सह्या हायेत. तू कशात? तेविसात का सदतिसात?"

मी स्टँडवरच्या ब्युरेटींकडे बघत राहिले.

"बरं. जाय आता. पेपर नीट लिहिजो."

रागावले असते तर बरं झालं असतं.

मी आज बुटीबोरीला एका औषधाच्या कंपनीत रोज तीच ब्युरेट लावून टायट्रेशन करते. शेवटचं शून्य कधी गाळत नाही. गिरडला जाऊन 'सर, चुकलं' म्हणायला मात्र पंधरा वर्षांत एक रविवार मिळाला नाही मला. लाज वाटते.

आणि ज्या ऑफिसात तो अर्ज टाईप झाला, तिथूनच आता फुलांची फ्रेम येते? नागपूरवाले लिहितायत, 'सरांनी आम्हाला घडवलं.' कधी रे? कोणत्या बेंचवर बसून? पिपेट तरी ओळखता येतं का आता?

आज सकाळी अंत्यविधीला गेले. सरांचे जुने विद्यार्थी मोजले. सात. हजारो नाही, शेकडो नाही. सर म्हणायचे, अंदाजात शंका असते, एकेक करून मोजलेल्यात नसते. सात म्हणजे सात.

सरांच्या मुलीनं विचारलं, "तुम्ही पप्पांच्या कोणत्या बॅचच्या?"

मी वर्ष सांगितलं. आता ही काय म्हणते, ही धास्ती.

"हो का? पप्पा नेहमी सांगत त्या बॅचबद्दल," ती म्हणाली. "तेवीस पोरं होते म्हणत. रोज येत होते म्हणत."

अर्जाबद्दल घरी एक शब्द नव्हता सांगितला सरांनी.

म्हणून मी सांगतेय, सगळ्यांसमोर. त्या अर्जावर माझी सही आहे आणि तो अर्ज खोटा होता. सरांनी प्रत्येक प्रॅक्टिकल घेतलं. मला माहीत आहे, कारण मी तिथे होते.

तेविसातली होते, सर. रोल नंबर एकोणीस.

अखेरचा जयभीम.